माहितीचा उंबरठा : ऑनलाइन खरेदी आणि आपलं खासगीपण



आपल्या व्याख्यानमालेत संतसाहित्यावर बोललं जातं, नाटकावर बोललं जातं, झाडीबोलीवर बोललं जातं. कार्यवाहांनी मला ‘यंदा ऑनलाइन खरेदीतल्या सुरक्षिततेवर बोला’ म्हटलं, तेव्हा मला हसू आलं. साहित्याच्या व्यासपीठावर ओटीपीचं काय काम? मी आयुष्यभर बँकेत नोकरी केलेला माणूस. साहित्यातलं मला फार कळतं असंही नाही. पण दोन-चार दिवस विचार केल्यावर वाटलं, की हा विषय तसा शब्दाचाच आहे. कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, कुणाला काय सांगायचं आणि कुणापासून काय राखायचं, एवढाच प्रश्न त्यात आहे. म्हणून हो म्हटलं.

सुरुवात घरातल्याच एका गोष्टीपासून करतो. जिची ही गोष्ट आहे तिला विचारूनच सांगतो आहे.

माझी थोरली बहीण वारासिवनीला असते. वय एकाहत्तर. बत्तीस वर्षं तिनं शाळेत गणित शिकवलं. किराण्याच्या यादीची बेरीज ती आजही दुकानदाराच्या यंत्राच्या आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी नातवाची मुंज ठरली, तेव्हा तिनं मोबाइलवरून त्याच्यासाठी रेशमी कद मागवला. आला तो आखूड. तिनं तो परत पाठवला आणि ११४९ रुपये परत येण्याची वाट पाहत बसली. चौथ्या दिवशी फोन आला. गोड हिंदी बोलणारा मुलगा, ‘माताजी’ म्हणून सुरुवात. त्याला तिचं नाव माहीत होतं. कद माहीत होता, त्याची किंमत माहीत होती, तो कोणत्या दिवशी परत गेला हेही माहीत होतं. घराचा पत्ता त्यानं अगदी आम्ही सांगतो तसा, मारुतीच्या देवळामागचं पिंपळाजवळचं घर, असा सांगितला. ताईला वाटलं, एवढं ज्याला ठाऊक आहे तो दुकानाचाच माणूस असणार. पैसे लवकर जमा व्हावेत म्हणून त्यानं एक ॲप घ्यायला सांगितलं, तिनं घेतलं. त्या ॲपमधून तिच्या फोनचा पडदा त्याला दिसू लागला. बँकेचे संदेशही दिसू लागले. वीस मिनिटांत ४६,८०० रुपये गेले.

तिनं हे अकरा दिवस कुणाला सांगितलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही आणि मी बँकेतला असून मलाही नाही. मला कळलं ते आमच्या जुन्या सोनाराकडून. मुंजीचा खर्च भागवायला ती पाटल्या घेऊन त्यांच्या दुकानी गेली होती. ‘कुठे बोलू नका’ असं बजावूनही आली होती. दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन : ‘भाऊ, ताईंकडे काही अडचण आहे का?’

मी वारासिवनीला गेलो. तिनं सगळं सांगितलं आणि मी पहिलं वाक्य बोललो ते असं : ‘ताई, तू एवढी शिकलेली, आणि तुला एवढंही कळू नये?’ ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘चोराची भीती नाही वाटली रे. तू हेच म्हणशील याची वाटली.’

ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. आज जे सांगायचं आहे ते त्यातूनच आलं आहे. आपल्या घराचा उंबरठा उलटा झाला आहे. जे परक्याला सांगू नये ते आपण बिनदिक्कत सांगतो आणि जे घरच्यांना लगेच सांगायला हवं ते लपवून ठेवतो. फसवणाऱ्याचं निम्मं काम यातच होऊन जातं.

आधी पहिली बाजू पाहू. ताईसारखी हिशेबी बाई त्या मुलाला का भुलली? हाव तर तिला नव्हती. स्वतःचेच ११४९ रुपये तिला हवे होते. ती भुलली, कारण आपल्या गावांनी पिढ्यान् पिढ्या शिकवलेला एक नियम तिनं पाळला : ज्याला आपली माहिती आहे तो आपल्या ओळखीचा. नागपूरकर भोसल्यांच्या काळात, नाही तर पुढे इंग्रजी अमलात नोकरी-धंद्यासाठी आपले पूर्वज वैनगंगेकाठी आले आणि इथलेच झाले. इथे बाजार हिंदी, कचेरी हिंदी, घरात मराठी. अशा ठिकाणी माणसं ओळखीवर जगली. किराणा दुकानदाराच्या लाल वहीत घराघराचा हिशेब असे. या घरी चिन्नौर तांदूळ किती लागतो, त्या घरी महिनाअखेर उधारी का वाढते, कुणाकडे पाहुणे आले, कुणाकडे दुखणं आहे, सगळं त्याला कळे. शिंप्याला आपली मापं ठाऊक, सोनाराला आपले दागिने ठाऊक.

पण त्यांचंही सगळं आपल्याला ठाऊक होतं. दुकानदाराचं घर कुठे, त्याच्या मुलीचं लग्न कुठे झालं, त्याचं वजन खरं की खोटं, हे गाव जाणत होतं. माहिती दोन्हीकडून होती, म्हणून जबाबदारीही दोन्हीकडून होती. सोनारानं ताईचं गुपित फोडलं हे खरं. पण ते तिच्या भावाकडेच फोडलं, बाजारात फोडलं नाही.

जुन्या काळाचे गोडवे गायला मी उभा नाही. त्याच ओळखीच्या गावात सावकाराची वही चारचौघांत उघडली जाई. सासुरवाशिणीच्या दुखण्याची चर्चा पाणवठ्यावर होई. विधवेनं काय विकत घेतलं याचा हिशेब शेजार ठेवी. ते सगळं परत यावं असं कुणी म्हणणार नाही. फक्त ओळख दुतर्फा होती, ती आता एकतर्फी झाली, एवढंच माझं म्हणणं. आजचं दुकान आपल्याला आरपार ओळखतं आणि आपल्याला त्याचा दरवाजाही माहीत नसतो. फोनवरच्या त्या मुलाला ताईची सगळी माहिती होती, पण ओळख नव्हती. माहिती आणि ओळख या दोन गोष्टी आता वेगळ्या झाल्या आहेत, हे आपल्या मनाला अजून पटलेलं नाही.

ही माहिती बाहेर जाते कशी? त्यासाठी कुणी मोठी तिजोरी फोडावीच लागते असं नाही. आपल्या दारात येणारं पार्सल घ्या. त्यावर नाव, पूर्ण पत्ता, बऱ्याचदा मोबाइल नंबर आणि पैसे घरी द्यायचे असतील तर रक्कमही छापलेली असते. विक्रेत्याच्या गोदामापासून गोंदिया-बालाघाटच्या वाटेवरच्या प्रत्येक हातातून ती पट्टी जाते. शेवटी आपण खोका तसाच कचऱ्यात टाकतो. दुसरी वाट दुकानाच्या गल्ल्यावरची. बिल करताना नंबर मागतात, आपण मोठ्यानं सांगतो आणि मागच्या रांगेलाही तो कळतो. नंबर दिला नाही तर बिलच होणार नाही असा आग्रह दुकानदारानं धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं मे २०२३ मध्ये बजावलं आहे. तिसरी वाट आपल्या घाईची. ॲप उघडलं की ते संपर्क, फोटो, ठिकाण यांची परवानगी मागतं आणि आपण ‘हो’ दाबून मोकळे होतो. कद विकायला आपल्या मावसभावाचा नंबर कशाला हवा, हा प्रश्न आपल्याला सुचत नाही. चौथी वाट सगळ्यात वाईट. तक्रार करायची म्हणून आपण दुकानाचा ‘कस्टमर केअर’ नंबर इंटरनेटवर शोधतो. तिथे चोरानंच आपला नंबर लावून ठेवलेला असतो. म्हणजे फोन आपण करतो आणि माहितीही आपण होऊन देतो.

आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ उघडली की तिच्यातल्याची किंमत जाते, असा तिचा रोख. आता झाकल्या मुठीची किंमत दुसरेच कुणी ओळखून आहेत आणि ती उघडावी म्हणून सूट, कूपन, चक्र फिरवून मिळणारं बक्षीस अशा नाना युक्त्या चालू आहेत. ‘फक्त दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई, टोपलीत गुपचूप टाकलेली जादाची वस्तू, सहज घेता येते पण मोडता मोडत नाही अशी वर्गणी, ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असं लाजवणारं बटण. केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या नमुन्यांची यादी करून त्यांवर बंदी घातली आहे. यादी वाचाल तर रोजच्या खरेदीतले अर्धे अनुभव तिथे सापडतील.

आता कायद्याकडे वळू. ते रूक्ष प्रकरण आहे असं समजू नका. आपल्या मातीचा त्यात मोठा वाटा आहे.

आधी शब्द पाहा. ‘खासगी’ हा मराठीत मुरलेला शब्द. मराठेशाहीत खासगी म्हणजे दौलतीपासून वेगळं, घराण्याच्या स्वतःच्या हक्काचं. याच मध्य प्रदेशात माळव्यामध्ये १७३४ साली पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागीर करून दिली. पुढे अहिल्याबाईंकडे ती आली. दौलतीचा पैसा वेगळा आणि खासगीचा वेगळा. त्या खासगीवर हुकूम चाले तो बाईचा. खासगी म्हणजे लपवलेलं, असा अर्थ तिथे नव्हता. ज्यावर माझा अधिकार चालतो ते माझं खासगी. ‘लपवण्यासारखं काही नाही, मग माहिती दिली तर काय बिघडलं?’ असं विचारणाऱ्या तरुण मंडळींना मी हाच दाखला देतो.

हा अधिकार आपल्या राज्यघटनेत आहे का, यावर पुष्कळ वर्षं वाद चालला. त्यातला एक महत्त्वाचा खटला आपल्याच राज्यातला, गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, १९७५ चा. मध्य प्रदेश पोलिसांच्या नियम ८५५ आणि ८५६ खाली संशयितावर पाळत ठेवता येई, रात्री-अपरात्री त्याच्या घरी जाता येई. गोविंद या माणसानं त्याला आव्हान दिलं. याचिका फेटाळली गेली. पण खासगीपण हा हक्क असू शकतो आणि सबळ कारणाशिवाय सरकारनं तो मोडू नये, ही वाट सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालात मोकळी केली.

दुसऱ्याच वर्षी, २८ एप्रिल १९७६ रोजी, जबलपूरच्या नावानं ओळखला जाणारा निकाल आला. एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांना न्यायालयाचं दारच बंद, असं चार विरुद्ध एक मतानं ठरलं. विरोधात एकटे न्यायमूर्ती ह. रा. खन्ना. बहुमतात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते.

आणि मग २४ ऑगस्ट २०१७. न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. त्या नऊ जणांत तीन मराठी माणसं होती. नागपूरचे शरद बोबडे, जे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशही होऊन गेले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयात न्यायदान केलेले अभय सप्रे. आणि धनंजय चंद्रचूड. धनंजय चंद्रचूडांनी आपल्या निकालपत्रात एडीएम जबलपूरचा निकाल, म्हणजे वडिलांनी ज्याला साथ दिली होती तो निकाल, चुकीचा ठरवून रद्दबातल केला. वडीलधाऱ्यांचा मान राखूनही त्यांची चूक दुरुस्त करता येते, याचं याहून मोठं उदाहरण मला ठाऊक नाही. शिवाय या निकालानं नुसत्या सरकारचा विचार केला नाही. आपली माहिती गोळा करणाऱ्या कंपन्यांचा धोकाही न्यायमूर्तींनी मांडला आणि तिच्या रक्षणासाठी वेगळा कायदा हवा असं सुचवलं.

तो कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये आला, डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील असं ठरलं. दुकानानं माहिती कशासाठी हवी ते सोप्या भाषेत सांगायचं, तेवढ्याच कामाला ती वापरायची, आपण संमती मागे घेतली की थांबायचं. माहिती फुटली तर बाधित माणसाला विलंब न लावता कळवायचं. अठराच्या आतल्या मुलांसाठी आईवडिलांची खात्रीची संमती घ्यायची. दोन कोटींहून जास्त ग्राहक असलेल्या मोठ्या ऑनलाइन दुकानानं तीन वर्षं न फिरकलेल्या ग्राहकाची माहिती, आधी सूचना देऊन, पुसून टाकायची. सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड.

यातलं एक कलम खास आपल्या मंडळासाठी आहे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय ग्राहकाला द्यावीच लागेल. त्या अनुसूचीत मराठी आहे. म्हणजे बालाघाटमध्ये राहणाऱ्या मराठी बाईला ‘तुमच्या अटी मला मराठीत दाखवा’ असं म्हणण्याचा हक्क मिळणार आहे. ती महाराष्ट्रात राहत नाही म्हणून तो कमी होत नाही. इथे मराठी टिकवायची कशी यावर आपण दरवर्षी बोलतो. अटी मराठीत मागणं हीसुद्धा भाषेची सेवा आहे. मागणाराच नसेल तर कलम कागदावर राहील.

पण या कायद्यात एक उणीव आहे आणि ती सांगितली पाहिजे. २५० कोटींचा दंड झाला तरी तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून दमडी मिळत नाही. माहितीच्या हेळसांडीबद्दल नुकसानभरपाई देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं जुनं ४३-अ कलमही या कायद्यानं वगळायचं ठरवलं आहे. म्हणून आपल्यासाठी जवळचं हत्यार राहतं ते ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. विश्वासानं दिलेली माहिती परवानगीशिवाय दुसऱ्याला देणं ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. पूर्वी दुकान मुंबईचं असेल तर खटला कुठे चालवायचा हा प्रश्न पडे. आता ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे आपल्या इथल्या जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. आधीच खूण केलेली संमतीची चौकट त्या नियमांनी बेकायदा ठरवली आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा लढा भेसळीचा आणि मापाचा होता. आज तोच ग्राहक माहितीच्या मापात मारला जातो आहे.

आता पैशाबद्दल, कारण ते माझं क्षेत्र. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला ठरवून दिलेला नियम असा : चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसरीकडूनच घात झाला आणि ग्राहकानं तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर त्याचं नुकसान शून्य. चार ते सात दिवस लागले तर ठरावीक मर्यादेपर्यंत त्यानं सोसायचं. ग्राहकानं स्वतःच गुप्त आकडे दिले असतील तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. ग्राहक दोषी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवरच टाकलेली आहे.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत अशा तक्रारींना उत्तरं लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. ‘ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे व्यवहार झाला असल्याने बँक जबाबदार नाही’ हे वाक्य मी किती वेळा लिहिलं, मोजलेलं नाही. नियमाप्रमाणे ते बरोबर असे. ताईच्या अर्जाला तिच्या बँकेकडून तेच वाक्य आलं, जवळजवळ शब्दाला शब्द. तेव्हा पहिल्यांदा मी ते वाचणाऱ्याच्या जागी बसून वाचलं. त्यात एक प्रश्न कुणीच विचारलेला नव्हता. जी बाई महिन्यात दोन-तीन हजारांपलीकडे खर्च करत नाही, तिच्या खात्यातून वीस मिनिटांत चार अनोळखी खात्यांवर रक्कम जाते, तेव्हा बँकेच्या यंत्राला संशय का आला नाही? चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

आणि हा प्रश्न विचारता येतो. २०१३ मध्ये पुण्याच्या एका उद्योजकाचं प्रकरण महाराष्ट्राच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे आलं. त्यांच्या खात्यातून सुमारे ८० लाख रुपये गेले होते. फसव्या ईमेलला त्यांनी स्वतः उत्तर दिलं होतं, म्हणजे चूक त्यांचीही होती. तरी बँकेची दक्षता अपुरी पडली असं सांगून तिला ४५ लाख रुपये द्यायचा आदेश झाला. ग्राहक चुकला म्हणून बाकीचे सगळे सुटले, असं होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली असा निवाडा करणारा अधिकारी प्रत्येक राज्यात असतो, आपल्याकडेही आहे.

मात्र ताईचे पैसे आले नाहीत. कारण अकरा दिवस. १९३० या नंबरवर फसवणूक कळवली की पैसा ज्या खात्यांतून पुढे सरकतो ती खाती गोठवण्याची साखळी सुरू होते. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतो, म्हणून पहिला तास लाखमोलाचा. आम्ही कळवलं तेव्हा सगळी खाती रिकामी होती. दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्यानं उत्तर दिलं, की आमची कंपनी ग्राहकांना असे फोन करत नाही. कदाची माहिती त्या मुलापर्यंत पोचली कशी, याचं उत्तर आजवर आलेलं नाही.

आता घरी नेण्यासारखं थोडं. यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. परताव्यासाठी कुणी पिन, ओटीपी किंवा ॲप मागितलं की फोन ठेवायचा. दुकानाशी बोलायचं तर दुकानाच्या ॲपमध्ये शिरून बोलायचं, शोधून काढलेल्या नंबरवर नाही. खरेदीसाठी थोडी रक्कम ठेवलेलं वेगळं खातं असावं आणि निवृत्तीच्या पैशाचं खातं मोबाइलला जोडूच नये. पार्सलवरची पट्टी फाडूनच खोका टाकावा. कार्डाचा नंबर दुकानांनी साठवू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२२ पासून आहे, त्यामुळे कुणी कार्डाचा फोटो मागितला तर तो दुकानदार नव्हेच. या सभागृहात दुकानदार मंडळीही बसली आहेत. त्यांना विनंती, की गिऱ्हाईकाचा नंबर हवाच असेल तर कागदावर लिहून घ्या आणि ती वही गल्ल्यावर उघडी ठेवू नका.

हे सगळं पाळूनही कधी तरी कुणी तरी फसणार. मीही फसेन. फसवणाऱ्यांचा तो पोटाचा धंदा आहे, रोज आठ तास ते तेच करतात. आपण दमलेल्या दुपारी एकदा फोन उचलतो. म्हणून खरी गरज आहे ती उंबरठ्याची दुसरी बाजू सरळ करण्याची. आमच्या घरात आता एक नियम आहे. पैशाची गडबड झाली की पहिला फोन १९३० ला, दुसरा बँकेला, तिसरा घरातल्या कुणालाही. आणि ज्याला तो फोन येईल त्यानं पहिल्या दिवशी एकच वाक्य बोलायचं : ‘सांगितलंस ते बरं केलंस.’ चूक कुणाची, अक्कल कुठे होती, हे सगळं आठवड्यानंतर.

मंडळालाही एक सुचवतो. आपल्या वाचनालयात रविवारी सकाळी मंडळी जमतातच. महिन्यातून एका रविवारी आपल्या तरुण सभासदांनी ज्येष्ठांबरोबर तासभर बसावं. फोनमधल्या परवानग्या तपासाव्यात, तक्रार कशी नोंदवायची ते दाखवावं, ग्राहक आयोगाचा अर्ज मराठीतून समजावून द्यावा. मुलं-नातवंडं पुण्याला, बंगळुरूला, परदेशी आहेत. आईवडिलांनी विचारलं की ती फोनवर घाईघाईनं सांगतात आणि दुसऱ्यांदा विचारलं की वैतागतात. तो वैताग टाळण्यासाठी म्हातारी माणसं परक्याला विचारतात आणि तिथेच फसतात.

ताई आज इथे आलेली आहे, तिसऱ्या रांगेत. मुंज चांगली झाली. कद शेवटी गोंदियाच्या दुकानातून आणला. ऑनलाइन खरेदी मात्र तिनं सोडलेली नाही आणि सोडू नये असंच माझं मत आहे. गुडघे दुखणाऱ्या बाईला बाजार घरी येणं ही मोठी सोय आहे. फक्त आता महिन्यातून एकदा तरी तिचा मला फोन येतो, ‘असा एक मुलगा बोलत होता, ठेवून दिला,’ म्हणून. मी म्हणतो, सांगितलंस ते बरं केलंस. ती म्हणते, ‘पाठ झालंय तुला.’

आपण सगळ्यांनी ते पाठ करावं, एवढंच मागणं.